वाचकांचे प्रश्न : फिशटँकमधली झाडं, उजेड आणि खान्देशी उन्हाळा

काचेच्या टाकीतल्या झाडांबद्दल आलेले प्रश्न वेगवेगळ्या गावांचे असले, तरी बहुतेकांचं दुखणं एकच निघालं. दिवा गरजेपेक्षा मोठा आहे आणि तो गरजेपेक्षा जास्त वेळ जळतो. त्यामुळे पहिलं उत्तर सविस्तर दिलं आहे. ज्यांचा प्रश्न पुढे आहे त्यांनीही ते आधी वाचावं.

प्रश्न : माझी टाकी दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच आहे. 30 वॅटचा एलईडी फ्लडलाइट सकाळी 8 ते रात्री 8 चालू असतो. तीन आठवड्यांत काच हिरवी झाली, अ‍ॅमेझॉन सोर्डच्या पानांवर कडक हिरवे ठिपके आले आणि वाढ थांबली. दिवा कमी पडतोय का? 50 वॅटचा घेऊ का? (भुसावळ)

घेऊ नका. दिवा कमी पडत नाही, तिपटीने जास्त होतोय. हिशेब करून पाहू. 60 × 30 × 30 सेंटिमीटरच्या टाकीत काठोकाठ 54 लिटर पाणी मावतं. खालची वाळू आणि वर सोडलेली जागा वजा केली की 45 लिटर उरतं. साधा एलईडी एका वॅटला 90 ते 100 ल्युमेन उजेड देतो, म्हणजे तुमच्या दिव्याचे किमान 2700 ल्युमेन झाले. लिटरमागे हे 60 ल्युमेन पडतात. ज्या टाकीत कार्बन डायऑक्साइड वेगळा सोडत नाही, तिथे लिटरमागे 15 ते 20 ल्युमेन पुरेसे असतात. म्हणजे 700 ते 900 ल्युमेन. विजेच्या दुकानात मिळणारी 9 वॅटची 6500 केल्व्हिनची साधी पांढरी बॅटन एवढा उजेड देते. ल्युमेनचा आकडा खोक्यावर छापलेला असतो, वॅटपेक्षा तोच बघून घ्या.

उजेडाने झाडाची भूक चाळवते. दिवा जितका तेज, तितका कार्बन, नायट्रेट, फॉस्फेट, पोटॅश आणि लोह झाड मागतं. यातलं एक जरी संपलं तरी झाड तिथेच अडतं. शेवाळाचं तसं नसतं. त्याला यातलं सगळं अगदी चिमूटभर लागतं, त्यामुळे झाड उपाशी राहिलं की उरलेल्या उजेडावर ते पोसलं जातं. तुमच्या पानांवरचे कडक, नखाने न निघणारे ठिपके म्हणजे 'ग्रीन स्पॉट' शेवाळ. जास्त उजेड आणि फॉस्फेटचा तुटवडा एकत्र आले की ते हमखास येतं.

आता करायचं असं. फ्लडलाइट काढा आणि 9 वॅटची बॅटन लावा. लगेच घेता येत नसेल तर फ्लडलाइट पाण्यापासून फूटभर वर टांगा आणि खाली मच्छरदाणीच्या जाळीचे दोन पदर बांधा. जाळी दिव्याच्या तापलेल्या भागाला चिकटू देऊ नका. दिव्याची वेळ 6 तासांवर आणा. पुढचे दोन आठवडे दर आठवड्याला दोनदा 40 टक्के पाणी बदला. काच जुन्या ब्लेडने खरवडा, मात्र टाकी अ‍ॅक्रिलिकची असेल तर ब्लेड लावू नका. ठिपक्यांची पानं पुन्हा स्वच्छ होत नाहीत, ती देठापाशी कापून टाका. रिकाम्या जागेत हायग्रोफिला आणि सेराटोफायलम घाला. ही झाडं झपाट्याने वाढतात आणि शेवाळाच्या तोंडचा घास काढून घेतात. तीन आठवडे नवी पानं स्वच्छ आली, तरच दर आठवड्याला अर्धा तास वाढवत 8 तासांपर्यंत जा. त्यापुढे जाऊ नका.

उजेड खरोखर कमी पडला तर खूण वेगळी दिसते. खोड लांबत जातं, दोन पेरांमधलं अंतर वाढतं आणि खालची पानं गळतात. मोबाइलमधल्या लक्स मोजणाऱ्या अ‍ॅपने ढोबळ अंदाज घेता येतो. टाकी रिकामी असताना मोबाइल तळाशी ठेवा. पांढऱ्या एलईडीखाली 2000 लक्सच्या आसपास आकडा आला, की सावलीत वाढणाऱ्या झाडांचं भागतं.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत. अ‍ॅमेझॉन सोर्ड पूर्ण वाढला की फूटभर उंचीच्या टाकीत मावत नाही. शिवाय तो मुळांतून खातो. त्याच्या बुंध्यापासून चार बोटं लांब वाळूत खताची एक गोळी दर दोन-तीन महिन्यांनी पुरत जा.

प्रश्न : आमच्याकडे केळीच्या ड्रिपसाठी 19:19:19, 13:00:45, 00:52:34 अशी विद्राव्य खतं पडून असतात. दुकानातलं अ‍ॅक्वेरियमचं खत महाग पडतं. ही खतं टाकीत चालतील का? (रावेर)

बॅगेवरचे तीन आकडे म्हणजे नत्र, स्फुरद आणि पालाश यांचे टक्के. त्यातली काही खतं चालतात आणि उत्तम चालतात. काही मात्र माशांचा जीव घेतील. आधी नकोत ती सांगतो. 19:19:19, 12:61:00 आणि युरिया टाकीत थेंबभरही टाकू नका. पहिल्या दोन्हींत अमोनियाच्या रूपातलं नत्र असतं आणि युरिया पाण्यात अमोनिया तयार करतो. शेतात पीक तो अमोनिया पचवतं. टाकीत मासे त्यातच श्वास घेत असतात. त्यात आपल्या पाण्याचा पीएच 8 च्या आसपास असला, तर अमोनियाचा विषारी भाग कितीतरी वाढतो.

चालतात ती दोन. 13:00:45 म्हणजे पोटॅशियम नायट्रेट आणि 00:52:34 म्हणजे मोनो पोटॅशियम फॉस्फेट. अ‍ॅक्वेरियमच्या महाग बाटल्यांत बहुधा हीच क्षारं पाण्यात विरघळवलेली असतात. 100 लिटर पाण्यात 1 ग्रॅम 13:00:45 टाकलं तर नायट्रेट 5.8 पीपीएमने (म्हणजे लिटरमागे 5.8 मिलिग्रॅमने) आणि पोटॅशियम 3.7 पीपीएमने वाढतं. 100 लिटरमध्ये 0.1 ग्रॅम 00:52:34 टाकलं तर फॉस्फेट 0.7 पीपीएमने वाढतं.

एवढं बारीक वजन रोज करत बसू नये. 50 लिटर पाण्यासाठी दोन बाटल्या करून ठेवा. पहिलीत 500 मिली आरओच्या पाण्यात 25 ग्रॅम 13:00:45 आणि दुसरीत 500 मिलीमध्ये 2.5 ग्रॅम 00:52:34. दोन्हींतून 10-10 मिली टाकलं की वर दिलेली वाढ मिळते. सोनाराकडे असतो तसा 0.01 ग्रॅमचा छोटा डिजिटल काटा यासाठी लागेलच. चमच्याच्या अंदाजाने हे काम करू नका.

साध्या उजेडाच्या, कार्बन न सोडलेल्या टाकीला आठवड्याला एक डोस पुरतो. कार्बन सोडलेल्या, तेज दिव्याच्या टाकीला आठवड्यात तीन डोस लागतात आणि आठवड्याच्या शेवटी निम्मं पाणी बदलायचं, म्हणजे शिल्लक साचत नाही. त्याआधी नायट्रेटची तपासणी मात्र करा. मासे भरपूर असतील, किंवा शेतातल्या विहिरीचं वा बोअरचं पाणी असेल, तर नायट्रेट आधीच 30-40 पीपीएम निघू शकतं. तसं असेल तर 13:00:45 ची गरजच नाही. पोटॅशसाठी 00:00:50 वापरा, 100 लिटरला 1 ग्रॅमने सुमारे 4 पीपीएम पोटॅशियम मिळतं.

पानं वाचायची तुमची सवय इथे कामी येईल. केळीत पालाश कमी पडला की आधी जुन्या पानांच्या कडा पिवळ्या पडून वाळतात. टाकीतही पोटॅशची कमतरता जुन्याच पानांवर दिसते, आधी सुईने टोचल्यासारखी भोकं आणि भोवती पिवळी कड. सगळं जुनं पान सारखं पिवळं पडलं तर नत्र कमी. नवं पान पिवळं आणि शिरा हिरव्या, तर लोह कमी. ड्रिपच्या टाकीत कॅल्शियम नायट्रेट आणि फॉस्फेट एकत्र कालवत नाहीत, नाहीतर साका बसून लॅटरल, म्हणजे ड्रिपच्या बारीक नळ्या, चोंदतात. इथेही तोच नियम. फॉस्फेट आणि लोह एका बाटलीत नको, एका दिवशीही नको.

बॅगेवर कीटकनाशक, संप्रेरक किंवा समुद्री शेवाळाचा अर्क मिसळल्याचं लिहिलं असेल, तर ते खत टाकीसाठी बाद. सूक्ष्म अन्नद्रव्यांच्या मिश्रणात तांबं असतं. झिंगे आणि गोगलगायी पाळल्या असतील, तर ते मिश्रण वापरूच नका.

प्रश्न : बोअरचं पाणी आहे, टीडीएस (विरघळलेले क्षार) 900. व्हॅलिसनेरियाच्या पानांवर पांढरा खरखरीत थर बसतो. बाकीच्या झाडांची नवी पानं पिवळी येतात. दुकानदाराच्या सांगण्यावरून लोहाचं खत टाकलं, काही फरक नाही. (जळगाव)

पांढरा थर चुन्याचा आहे आणि तो व्हॅलिसनेरियाने स्वतःच तयार केला आहे. पाण्यात मोकळा कार्बन डायऑक्साइड संपला की व्हॅलिसनेरिया, हायड्रिला, सेराटोफायलम अशी झाडं पाण्यातल्या बायकार्बोनेटमधून कार्बन ओढून घेतात. त्यात पानाजवळचा पीएच वर चढतो आणि कॅल्शियम कार्बोनेट पानावरच बसतं. झाड आजारी नाही, पण तुमचा दिवा कार्बनच्या मानाने जास्त आहे एवढं ते सांगतंय. ज्यांना ही युक्ती जमत नाही ती झाडं अशा पाण्यात उपाशी राहतात. मॉस त्यातलंच.

लोह लागू पडलं नाही याचं कारणही पाण्यातच आहे. बाजारातलं स्वस्त लोह ईडीटीए चिलेटचं असतं. चिलेट म्हणजे लोहाला धरून पाण्यात विरघळलेलं ठेवणारं रसायन. पीएच 6.5 च्या वर गेला की त्याची पकड सुटू लागते, लोह गंजून तळाला बसतं आणि झाडाला मिळत नाही. डीटीपीए चिलेट साधारण 7.5 पर्यंत टिकतं. त्याहून वरच्या पाण्याला ईडीडीएचए चिलेट लागतं. चुनखडीच्या जमिनीत लिंबू आणि मोसंबीला शेतकरी हेच देतात, कृषी सेवा केंद्रात 6 टक्के लोहाचं मिळतं. 500 मिली आरओ पाण्यात 4 ग्रॅम विरघळवा आणि बाटली अंधारात ठेवा. 50 लिटर पाण्याला आठवड्यातून एकदा 10 मिली दिलं की 0.1 पीपीएम लोह मिळतं. पाण्याला किंचित गुलाबी झाक येईल, त्याने अपाय होत नाही.

कायमचा इलाज म्हणजे आरओचं शुद्ध पाणी मिसळणं. केएच (पाण्यातल्या बायकार्बोनेटचं माप) 14 असेल तर निम्मं आरओ मिसळून तो 7 वर येतो. एकदम उतरवू नका, मासे त्रासतात. दर आठवड्याला पाव पाणी बदलताना नवं पाणी निम्मं-निम्मं करून घाला. आरओतून बाहेर फेकलं जाणारं पाणी मात्र घालू नका, त्यात क्षार अधिक दाट झालेले असतात. मिठावर चालणाऱ्या सॉफ्टनरचं पाणीही नको, त्यात कॅल्शियम जाऊन सोडियम येतं. पावसाचं पाणी पहिल्या चार-पाच सरी वाहू देऊन पत्र्यावरून धरलं तर आरओच्या तोडीचं असतं. शहरात वाघूर धरणाचं नळाचं पाणी मिळत असेल तर तेही तपासून पाहा. ते मिसळता आलं तर आरओचा खर्च वाचेल. फक्त क्लोरिन उडण्यासाठी ते उघड्या बादलीत 24 तास ठेवा.

प्रश्न : टाईमर लावूनही दिवा रोज वेगळ्याच वेळी लागतो. टाईमर खराब आहे का? (चाळीसगाव)

खराब नाही. फिरत्या चकतीचा टाईमर विजेवरच फिरतो. दोन तास लोडशेडिंग झालं की तो दोन तास मागे पडतो आणि आठवडाभरात रात्रीचा दिवस करतो. आत बॅटरी असलेला डिजिटल टाईमर घ्या. दिव्याची वेळ तुमच्या भागात वीज सहसा टिकते अशी निवडा, समजा संध्याकाळी 4 ते 10. उजेडाचे तास दिवसा असायलाच हवेत असं झाडाला काही नसतं. एखाद्या दिवशी वीज गेली म्हणून दुसऱ्या दिवशी जास्त वेळ दिवा ठेवू नका. झाडं तीन दिवस अंधारातही तग धरतात.

प्रश्न : मे महिन्यात टाकीचं पाणी 34 अंशांवर जातं. मासे वर येऊन तोंड मारतात, क्रिप्टोकोरिन विरघळून गेली, मॉस तपकिरी झालं. चिलर परवडत नाही. (धुळे)

चिलरशिवाय (पाणी थंड करणाऱ्या यंत्राशिवाय) चार अंशांपर्यंत उतरवता येतं, कारण आपला उन्हाळा कोरडा आहे. टाकीचं झाकण काढा आणि 12 व्होल्टचे दोन छोटे पंखे पाण्यावर तिरपे लावा. पाण्याची वाफ होताना उष्णता निघून जाते. कोरड्या हवेत यानेच पाणी 2 ते 4 अंशांनी उतरतं. याचा खर्च पाण्यात पडतो. दोन फुटी टाकीतून दिवसाला लिटरभर पाणी सहज उडेल, आणि उडतं ते फक्त पाणी, क्षार मागे राहतात. म्हणून रोजची भर आरओच्या पाण्याचीच घाला. बोअरच्या पाण्याने भर घालत राहिलात, तर जूनपर्यंत टीडीएस दुप्पट होईल. पावसाळ्यात हवा दमट झाली की पंख्यांचा उपयोग फारसा होत नाही, पण तेव्हा गरजही उरत नाही.

बर्फाच्या बाटल्या टाकू नका. पाणी तासाभरात पाच अंश उतरतं, पुन्हा चढतं, आणि त्या हेलकाव्यानेच मासे आजारी पडतात.

मासे वर का येतात ते पाहा. 25 अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 8.3 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 35 अंशांना 7 सुद्धा मावत नाही. त्याच वेळी मासे, झाडं आणि गाळातले जीवाणू सगळेच जास्त श्वास घेतात. पहाटे टाकी सर्वांत गुदमरलेली असते. तेव्हा रात्री हवेचा पंप लावा, आणि वीज जाते म्हणून बॅटरीवर चालणारा एक जवळ ठेवा. खाणं निम्मं करा. दिवा 6 तासांवर आणा. कार्बन सोडत असाल तर बुडबुडे एक तृतीयांशाने कमी करा.

क्रिप्टोकोरिन उपटून टाकू नका. पानं विरघळली तरी मुळं बहुधा जिवंत असतात, पाणी निवलं की नवी पानं येतात. सडलेला भाग तेवढा रोज काढा. पुढच्या वर्षी मार्चमध्येच मॉस सावलीतल्या थंड बादलीत हलवा. टाकीत व्हॅलिसनेरिया, हायग्रोफिला पॉलिस्पर्मा, सेराटोफायलम, ब्राह्मी ठेवा. ही झाडं तुमच्या पाण्याला आणि उन्हाला पुरून उरतात.

प्रश्न : साखर आणि यीस्टची बाटली करून कार्बन सोडतो. कधी बुडबुडे धो-धो येतात, कधी बंदच. आता फिल्टरच्या तोंडावर आणि अ‍ॅन्युबियसच्या पानांच्या कडेला काळे केसाळ झुबके आले आहेत. (अमळनेर)

ते 'ब्लॅक ब्रश' शेवाळ आहे आणि तुमच्या पहिल्या वाक्यातच त्याचं कारण आहे. कार्बन कमी असला तरी झाड जुळवून घेतं, पण तो आज जास्त आणि उद्या शून्य झाला की त्याला जुळवता येत नाही.

दोन लिटरच्या बाटलीत दीड लिटर पाणी, 200 ग्रॅम साखर आणि चहाच्या चमच्याचा पाव भाग यीस्ट हे प्रमाण ठीक असतं. खोलीत 40 अंश असले की यीस्ट पिसाळल्यासारखं चालतं, साखर आठवड्यात संपते आणि डिसेंबरात तीच बाटली कुथत चालते. उपाय दोन. एकच मोठी बाटली करण्याऐवजी दोन बाटल्या एका नळीला जोडा आणि आठवड्याच्या अंतराने आळीपाळीने बदला. बाटल्या पाण्याच्या बादलीत उभ्या करा, म्हणजे दुपारचा भडका लागत नाही. मध्ये अर्धी पाणी भरलेली छोटी बाटली हवीच, नाहीतर फेस उतून टाकीत जाईल. नळीत एकदिशा झडप लावा. ही झडप टाकीचं पाणी मागे येऊ देत नाही. रात्री गॅस अडवायला नळी चिमटू मात्र नका. आत दाब वाढून बाटली फुटते. रात्री हवेचा पंप लावला की जास्तीचा वायू निघून जातो.

प्रमाण कळण्यासाठी ड्रॉप चेकर, म्हणजे टाकीत आतून लावायची रंग बदलणारी छोटी काचेची कुपी, लावा. त्यात 4 केएचचं तयार पाणी आणि ब्रोमोथायमॉल ब्ल्यूचे थेंब असतात. निळा म्हणजे कार्बन कमी, हिरवा म्हणजे 30 पीपीएमच्या आसपास, पिवळा म्हणजे माशांना धोका. रंग दोन तास उशिरा बदलतो हे लक्षात ठेवा.

झुबक्यांसाठी औषधाच्या दुकानातलं 3 टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड आणा. फिल्टर बंद करा, सुई काढलेल्या सिरिंजने झुबक्यांवरच हळू सोडा आणि दहा मिनिटांनी फिल्टर चालू करा. 50 लिटरला दिवसाकाठी 20 मिलीपेक्षा जास्त नको. मॉस आणि व्हॅलिसनेरियावर जाऊ देऊ नका. झुबके दोन-तीन दिवसांत गुलाबी पडले म्हणजे मेले.

प्रश्न : टाकी खिडकीत आहे. सकाळचं ऊन दोन तास पडतं. पाणी मुगाच्या पाण्यासारखं हिरवं झालंय. (शहादा)

पाणी बदलून हे जात नाही, पुन्हा होतं. टाकी हलवा किंवा मागच्या बाजूला काळा कागद लावा. मग दिवा बंद करून टाकी जाड चादरीने चार दिवस पूर्ण झाका. या काळात हवेचा पंप चालू आणि खाणं बंद. पाचव्या दिवशी निम्मं पाणी बदला, कारण मेलेलं शेवाळ सडून अमोनिया करतं. खिडकीतला उजेडही दिव्याच्या तासांत मोजायचा असतो.

प्रश्न : लाल पानांचं झाड घेतलं, महिन्यात कुजलं. दिवा वाढवू का? (नंदुरबार)

आधी ते पाण्यातलं झाड होतं का ते तपासा. हेमिग्राफिस, ड्रॅसिना, लकी बांबू ही जमिनीवरची झाडं दुकानात राजरोस टाकीची म्हणून विकली जातात. पाण्यात ती महिना-दोन महिने दिसायला बरी राहतात आणि मग कुजतात. दिव्याने ती वाचत नाहीत. खरं लाल हवं असेल तर रोटाला रोटुंडिफोलिया लावा. सुरुवातीला पाण्याबाहेर वाढलेली पानं गळतील, तीन आठवडे थांबा, नवी पानं बारीक येतील. मग गरज वाटली तर दिवा थोडा खाली आणा.

प्रश्न : तापीच्या काठावरून झाडं आणून लावली तर चालतील का? आणि टाकीतली छाटणी पाटात टाकली तर? (शिरपूर)

आणू शकता, पण थेट टाकीत नको. सोबत गोगलगायींची अंडी, हायड्रा, जळवा येतात, आणि शेजारच्या कापसावर फवारणी झाली असेल तर तिचे अंशही. एक बादली पाण्यात पोटॅशियम परमँगनेटचे दोन-चार खडे टाका, पाणी फिकट जांभळं होऊ द्या. त्यात झाडं दहा मिनिटं बुडवा, धुवा, आणि दोन आठवडे वेगळ्या टबात ठेवा. टबातलं पाणी दोनदा बदला.

छाटणी पाटात, नाल्यात, नदीत टाकू नका. जलपर्णी दक्षिण अमेरिकेतून शोभेची म्हणून आणली गेली आणि आज तिने आपली पात्रं झाकली आहेत. टाकीतल्या किती झाडांचं तसं होईल ते आधी सांगता येत नाही. छाटणी उन्हात वाळवा आणि कुंडीत टाका, तिथे ती उत्तम खत होते.